पिवळ्या जाकिटातली रविवारची ड्युटी

गार्डन ग्रोव्ह, कॅलिफोर्निया

प्रिय पप्पा आणि आई,

प्रभूच्या नावात सलाम.

आई, "एवढं शिकून चर्चबाहेर गाड्या लावतेस?" म्हणून तू फोनवर हसलीस, त्याचं हे उत्तर. आणि पार्किंगला हसू नकोस. १९५५ साली रॉबर्ट शुलर नावाच्या पाळकांनी याच भागात ड्राइव्ह-इन थिएटरच्या स्नॅक बारच्या छपरावरून उपदेश सुरू केला, मंडळी गाडीत बसून ऐकायची.

आमचं चर्च मात्र छोटं, पन्नासेक गाड्यांचं. पहिल्या रविवारी गेले तर दारालगतच्या जागेवर 'पाळकांसाठी राखीव' अशी पाटी, बाकीच्या जवळच्या जागा जुन्या मंडळींनी धरलेल्या. कोपऱ्यात गाडी लावली, पण आत जायचं कुठून कळेना. एक दार ढकललं, ते स्वयंपाकघराचं! तशीच घरी परतले. तुम्हाला हे तेव्हा सांगितलं नव्हतं.

ती पाटी काढायला मला कमिटीत दोन महिने भांडावं लागलं. आता पाळकांसकट आम्ही सगळे मागच्या कुंपणाला गाड्या लावतो. पुढच्या सहा जागा नव्या लोकांच्या. पहिल्यांदा आला असाल तर चारही इंडिकेटर चालू ठेवा, असा फलक फाटकावर आहे. ते लुकलुकले की मी हात करून जागा आणि दार दाखवते, बस. आमचे एक काका धावत जाऊन गाडीचं दार उघडतात, ते मला पटत नाही. कुणाचं मूल झोपलेलं असतं, कुणाचं नवऱ्याशी भांडण अर्धवट राहिलेलं असतं.

जास्त डोकं जातं ते अपंगांच्या जागेशेजारच्या तिरक्या पट्ट्यांपायी. त्या पट्ट्या आखलेली पाच फुटांची जागा मोकळी असेल तरच व्हॅनमधून व्हीलचेअर उतरवायचा रॅम्प खाली येतो. एकदा केक उतरवायला "दोनच मिनिटं" म्हणत एका बाईंनी तिथे गाडी घातली, आणि व्हीलचेअरवरचे एक आजोबा पहिलं गीत संपेपर्यंत व्हॅनमध्येच अडकले. १९९० च्या अपंग कायद्यातून धार्मिक संस्थांना सूट आहे, असं कमिटीत एकाने ऐकवलं. मी म्हटलं, हे आजोबांना जाऊन सांगा.

पप्पा, नगरला नाताळच्या उपासनेला मोटारसायकली थेट पायऱ्यांपर्यंत येतात. गेल्या वर्षी आत्याला वॉकर घेऊन त्यातून वाट काढावी लागली. तरुण संघाच्या पोरांना पायऱ्यांसमोर चुन्याची रेघ मारायला सांगाल का? आणि तुमची स्कूटरही रेघेच्या बाहेर हं.

तुमची,
रूथ