'कधी' हा प्रश्न शेवटी ठेव

दादर, मुंबई

प्रिय मिलिंद,
सप्रेम नमस्कार.

गिरणी कामगारांच्या रोजच्या जगण्याच्या आठवणी गोळा करण्यासाठी केलेली तुझी प्रश्नावली वाचली. चाळीस प्रश्न, त्यातल्या निम्म्यांत 'कोणत्या साली'. लालबाग-परळच्या जुन्या गिरणी कामगारांपुढे ही अशीच ठेवलीस, तर "आता कुठलं आठवतंय बाबा" एवढं ऐकून, चहा पिऊन परत येशील.

त्यांना आठवत नाही असं नाही, तू चुकीच्या टोकाला धरतोयस. विलेम वाखेनार या डच मानसशास्त्रज्ञाने सहा वर्षं स्वतःच्या रोजच्या घटना काय, कोण, कुठे, कधी अशा नोंदवल्या, सुमारे 2400. मग एकेक धागा घेऊन बाकीचं आठवून पाहिलं. 1986 साली त्याने ते छापलं: 'काय'वरून सर्वांत जास्त हाती लागलं, नुसत्या 'कधी'वरून जवळजवळ काहीच नाही.

म्हणून आधी कागद-पेन्सिल दे आणि गाळ्याचा, म्हणजे चाळीतल्या खोलीचा, नकाशा काढायला सांग. मोरी कुठे, स्टोव्ह कुठे, किती जण झोपायचे, रात्रपाळीवाला दिवसा कोणाच्या जागेवर पडायचा. मग पहिल्या पाळीची सकाळ क्रमाने विचार: जाग कशाने यायची, नळावर नंबर, डबा कोण भरायचं, भोंगा कुठवर पोचल्यावर व्हायचा. मध्ये तोडू नकोस.

ऐकताना क्रियापदांवर कान ठेव. 'जायचो', 'खायचो' आलं की तो शेकडो दिवसांचा एकच नमुना सांगतोय. त्यातला क्रम बहुधा नीट असतो, मोजदाद मात्र फसवी. "खानावळीत मासे असायचे" यावरून आठवड्यातून किती वेळा ते ठरवू नकोस. 'गेलो', 'खाल्लं' आलं की एक खरा दिवस सापडला; तिथे थांब आणि खोदून विचार. वहीत दोन्हींसाठी वेगळे रकाने कर. आणि नेहमीचं मोडलं त्या दिवसांबद्दलही विचार: भोंगा चुकला तेव्हा काय झालं, साचा (माग) बंद पडला तेव्हा? एरवीचे दिवस एकमेकांत विरघळतात. मोडलेला दिवस वेगळा उरतो.

साल सगळ्यात शेवटी, तेही खुंटीला टांगून. घरातल्या खुंट्या उत्तम: लग्न, थोरल्याचा जन्म, गाळा बदलला ते वर्ष. शहरातल्याही आहेत: 31 मार्च 1964 ला ट्राम बंद, डिसेंबर 1967 चा कोयनेचा भूकंप, 1972 च्या ऑक्टोबरात मुंबई दूरदर्शन, मे 1974 चा रेल्वे संप, 18 जानेवारी 1982 चा गिरणी संप. जुनी घटना मनात अलीकडे सरकते. कोणी 'सासष्ट साली ट्रामने दादरला गेलो' म्हणालं, तर तो खोटं बोलत नाहीये. ट्राम खरी, सालच पुढे घसरलंय. खोडून काढू नकोस; समासात 'ट्राम = मार्च 1964 पर्यंत' लिही.

पैशांत मोठा खड्डा आहे. नवे पैसे 1 एप्रिल 1957 ला आले, पण 'चार आणे', 'आठ आणे' तोंडात नंतर कितीतरी वर्षं राहिले. तेव्हा आण्यावरून काळ काढू नकोस. भाव सांगितला की "तेव्हा पगार किती होता?" हेही विचार, दोन आकडे एकमेकांना तपासतात.

"पगाराच्या दिवशी गेटवर पठाण सावकार उभा असायचा ना?" हे वाक्य तुझ्या यादीत आहे. काढ ते. असं विचारलंस की पुढच्या भेटीत तो पठाण खरोखरच तिथे उभा असेल, पगडीसकट. "पगाराच्या दिवशी गेटबाहेर कोण कोण असायचं?" एवढंच विचार, आणि मग गप्प बस. हे गप्प बसणं तुला जड जाणार, माहीत आहे.

एक बैठक तासाभराची, त्याहून जास्त नको. पंधरा दिवसांनी परत जा, तेच पाच प्रश्न त्याच शब्दांत. पहिलं उत्तर वाचून दाखवू नकोस. शक्य तर दुसऱ्या वेळी त्याच्या बायकोलाही वेगळं बसवून विचार. नळाची वेळ आणि रेशन तिच्याकडून जास्त नेमकं मिळेल.

फोन पंख्याखाली ठेवू नकोस, नुसती घरघर रेकॉर्ड होते. पहिल्या दोन मुलाखती उतरवल्यास की पाठव, रकाने एकत्र बसून तपासू.

तुझा,
विनय

ता. क. पेन्सिल जाड शिशाची ने. म्हाताऱ्या डोळ्यांना फिकी रेघ दिसत नाही.