एमआरआयचा अहवाल समजावून सांगणाऱ्या डॉक्टर मॅडमना जाहीर आभारपत्र

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सविनय नमस्कार.

माझ्या धाकट्या बहिणीच्या एमआरआयचा अहवाल नुसता हातात न देता आपण तो आम्हाला बसवून समजावून सांगितलात, त्याबद्दलचे आभार मी मुद्दाम जाहीरपणे मानत आहे. कारण आमच्या आर्णी तालुक्यात पोटात गाठ निघालेली ती काही एकटीच नाही.

सोनोग्राफीत तिच्या उजव्या अंडाशयावर सुमारे ७ सेंटीमीटरची गाठ दिसली होती आणि रक्तातील सीए-१२५ (अंडाशयाच्या कर्करोगात वाढू शकणारे एक प्रथिन) थोडे वाढलेले होते. तेवढ्यावरून एका ठिकाणी गर्भपिशवीसह दोन्ही अंडाशये काढून टाकण्याचा सल्ला मिळाला. वय २६, अजून मूलबाळ नाही. घरातल्यांच्या घशाखाली घास उतरेना. पाळीच्या दिवसांत, एंडोमेट्रिओसिसमध्ये (गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार) किंवा फायब्रॉइड या गर्भाशयातल्या साध्या गाठींमुळेही सीए-१२५ वाढू शकते, त्यामुळे केवळ त्या आकड्यावरून कर्करोग ठरवता येत नाही, हे आम्हाला प्रथम आपल्याकडून कळले.

आपण पडद्यावर दोन चित्रे शेजारी-शेजारी लावलीत. टी-१ प्रकारच्या पहिल्या चित्रात गाठ पांढरीशुभ्र होती. एंडोमेट्रिओसिसच्या गाठीतले जुने रक्तही तसेच दिसते आणि चरबीही, असे सांगून आपण चरबीचा संकेत दाबून काढलेले दुसरे चित्र दाखवलेत. आत रक्त असते तर गाठ पांढरीच राहिली असती. ती काळी पडली होती. म्हणजे आत चरबी, आणि गाठ डर्मॉइडची, बहुधा कर्करोगाची नसणारी. गॅडोलिनियम या चित्र अधिक स्पष्ट करणाऱ्या द्रव्याचे इंजेक्शन दिल्यानंतरच्या चित्रांतही संशय घ्यावा असा घन भाग कुठे उठून आला नाही.

माझ्या मते आपले खरे उपकार त्यापुढचे आहेत. अंडाशयातील बीजपेशींत नाना प्रकारच्या ऊती घडवण्याची क्षमता असते, त्यामुळे अशा गाठीत त्वचा, केस, क्वचित दातही सापडतात, हे आपण शस्त्रक्रियेआधीच आईच्या कानावर घातलेत. पुढे सर्जननी ट्रेमधला पिवळसर चरबीत माखलेला केसांचा पुंजका दाखवला, तेव्हा आई शांतपणे म्हणाली, "मॅडमनं सांगतलं होतं ना." ते सांगितले नसते, तर पोटातून केस निघाले ही बातमी गावात करणी म्हणूनच फिरली असती. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ पासून आहे, पण तो घराघरातल्या कुजबुजीपर्यंत पोहोचत नाही.

डर्मॉइड गोळ्यांनी विरघळत नाही आणि मोठ्या गाठीमुळे अंडाशयाला पीळ पडण्याचा धोका असतो, म्हणून शस्त्रक्रिया करावीच लागली. परंतु ती दुर्बिणीतून झाली, फक्त गाठ काढली आणि अंडाशय वाचले. बायोप्सीतही तेच निदान आले. प्रत्येकीने एमआरआयसाठी धावावे असे मात्र नाही, हेही आपण बजावले होते: तरुण स्त्रियांमधील साध्या पाण्याच्या गाठी पुष्कळदा काही महिन्यांत आपोआप जिरतात आणि त्यांना सोनोग्राफीची देखरेख पुरते.

मंगळसूत्र, जोडवी, केसांतल्या पिना काढून ठेवल्यावर बहीण रडवेली झाली होती. यंत्राच्या ठकठकाटात माइकवरून तिच्याशी बोलत राहिलेल्या तंत्रज्ञ दादांनाही आमचा नमस्कार सांगावा.

पुढची सोनोग्राफी झाली की अहवाल घेऊन आम्ही भेटायला येऊ. आईने घरची तूरडाळ आपल्यासाठी काढून ठेवली आहे. ती नाही म्हणू नये, एवढी तिची विनंती आहे.

आपली नम्र,
एक शिक्षिका, जिल्हा यवतमाळ