अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या इतिहास विभागातील मॅडमना, मनापासून

मॅडम, सप्रेम नमस्कार.

माझ्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाला तुमचं उत्तर येऊन आठवडा झाला. रोज एकदा उघडते आणि रोज त्याच जागी डोळे भरून येतात. इंग्रजीतून चार ओळी पाठवल्या होत्या, पण त्यात माझं काहीच नव्हतं. मनातलं मराठीतच येतं. शिवाय हे इथल्या लोकांनीही वाचावं असं वाटतं, म्हणून उघड पत्र.

आमची शाळा खटाव तालुक्यात आहे. जोतिराव फुल्यांचं मूळ गाव कटगुण याच तालुक्यातलं. १८७३ साली त्यांनी ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली, कारण त्या लोकांनी गुलामांना मुक्त केलं, हे मी दरवर्षी अभिमानाने सांगते. यंदा आठवीतली एक मुलगी उठली. “बाई, तोपर्यंत ते खरंच मोकळे झाले होते का?” वीस वर्षं शिकवतेय, पण मला उत्तर आलं नाही. “१८६५ ला गुलामगिरी बंद करणारी घटनादुरुस्ती झाली,” एवढं म्हणून मी फळा पुसायला वळले. ती बसली, पण तिचं समाधान झालं नव्हतं.

जिथे उत्तर मिळायला हवं होतं, तिथे आधी विचारलं. नाव घेत नाही. दोन पत्रांची साधी पोच नाही. प्रत्यक्ष गेले, तर मान वर न करता विचारलं, “हे परीक्षेला येतं का?” परतीच्या एसटीत मला त्या पोरीचा चेहरा दिसत होता. तिच्या प्रश्नाला कुणी इतकं हलकं करावं?

तुमच्याकडे लिहिताना हात कापत होता. केवढा तुमचा विभाग! गुलामगिरीतून निसटून तिच्याविरुद्ध लढलेल्या फ्रेडरिक डग्लसच्या चरित्रासाठी डेव्हिड ब्लाइट यांना २०१९ चं पुलित्झर. एफबीआयचे प्रमुख जे. एडगर हूवर यांच्या चरित्रासाठी बेव्हर्ली गेज यांना २०२३ चं. त्याच वर्षी नेड ब्लॅकहॉक यांना नॅशनल बुक अवॉर्ड, तेही अमेरिकेचा इतिहास तिथल्या मूळ रहिवाशांना मध्यभागी ठेवून लिहिल्याबद्दल. अमेरिकेच्या यादवी युद्धावरची ब्लाइट सरांची सत्तावीस व्याख्यानं कुणालाही फुकट पाहता येतात. मी रात्री भांडी आवरून थोडी थोडी पाहिली, त्यातूनच विचारायचं धाडस आलं. ब्लाइट सर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तर स्वतःच्याच विद्यापीठाचे गुलामगिरीशी असलेले धागे खणून काढले, आणि २०२४ मध्ये विद्यापीठाने जाहीर माफी मागितली. या सगळ्यांचं अभिनंदन आमच्या शाळेकडूनही कळवा.

तुम्ही तिला फसवलं नाहीत, हे मला फार मोलाचं वाटतं. कायद्याने हो, ते मोकळे झाले होते, १८७० पर्यंत काळ्या पुरुषांना मताचा हक्कही मिळाला, काळे लोकप्रतिनिधी संसदेत बसले, हे सांगितलंत. आणि त्याच १८७३ च्या एप्रिलमध्ये, ईस्टरच्या रविवारी, लुइझियानातल्या कोलफॅक्सला गोऱ्या टोळीने कित्येक काळ्या माणसांना मारलं, शरण आलेल्यांनासुद्धा, तेही लपवलं नाहीत. खटले झाले, पण १८७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात शिक्षा टिकल्या नाहीत. वर्गात हे वाचताना माझा आवाज बसला.

पण खरं सांगू? मी जपून ठेवलाय तो कागद वेगळाच. मी पत्रात तिचं नाव देवनागरीत लिहिलं होतं. ते बघून बघून तुम्ही हाताने उतरवलंत आणि फोटो पाठवलात. प्रत्येक अक्षरावर वेगळी शिरोरेषा, मध्ये फटी. वेलांटी आधी चुकीच्या बाजूला काढून खोडलेली, मग बरोबर काढलेली. त्या खोडलेल्या वेलांटीवरून मी कितीदा बोट फिरवलं असेल! तुम्हाला न येणाऱ्या लिपीत, कधी न पाहिलेल्या पोरीचं नाव चुकू नये म्हणून तुम्ही पुन्हा पेन उचललंत. मोठेपण म्हणतात ते हेच, मॅडम. अशी माणसं आहेत म्हणून आम्ही खेड्यातल्या शिक्षकांनी कुणाला काही विचारायची हिंमत करावी.

ती प्रिंट तिने इतिहासाच्या वहीला आतून चिकटवली आहे. काल तास संपल्यावर मागे थांबली आणि म्हणाली, “बाई, कोलफॅक्सची बातमी जोतिरावांपर्यंत पोचली असेल का?”

तुमच्याकडे पाठवू का तिचा हा प्रश्न?

तुमची कृतज्ञ,
खटाव तालुक्यातली एक शिक्षिका