सणगरांच्या लेकीस

इचलकरंजी

चि. प्राजक्ता हीस अनेक आशीर्वाद.

रविवारी मी फोन मध्येच ठेवला, ते चुकलंच माझं. "आई, लग्नानंतर मी वॉकर लावणार आहे," असं तू म्हणालीस आणि मला पुढे बोलवेना. बाबा म्हणाले, "आडनावच ते, पोरगी कुठं जातेय?" पण त्यांना आजवर कुणी आडनाव बदलायला सांगितलेलं नाही.

आडनावाचा विषय काढायचा नाही असं ठरवून लिहायला बसले आहे. पण आठवडाभर मी दुसरं काही वाचलेलंच नाही. हे वॉकर मूळचे कोण, एवढं तरी आपल्याला माहीत हवं ना. मला वाटलं होतं, असतील कुणी फिरस्ते. तर ते चालायचे खरे, पण कापडावर!

मागावरून उतरलेलं लोकरीचं कापड तेलकट आणि विरळ असतं. ते लाकडी डोणीत घालायचं, वर पाणी, मुलतानी मातीसारखी माती आणि घरोघरून गोळा केलेलं शिळं मूत्र. मग माणसांनी अनवाणी पायांनी तासन् तास तुडवायचं. त्यानं तेल सुटतं, कापड आटतं, धागे एकमेकांत इतके गुंततात की वारा आत शिरत नाही. हे तुडवणारे ते वॉकर. इंग्लंडात यॉर्कशायरकडे, म्हणजे तुमच्या लीड्सच्या बाजूला वॉकर, आग्नेयेकडे फुलर आणि डेव्हन-सॉमरसेटमध्ये टकर. काम एकच. बारा कोसांवर भाषा बदलते ती तिथंही.

यॉर्कशायरमध्ये टेम्प्लर, म्हणजे धर्मयुद्धात लढणाऱ्या ख्रिस्ती सरदारांच्या पंथाच्या जमिनीवर 1185 साली पाणचक्कीवर चालणारी अशी गिरणी असल्याची नोंद आहे. पाण्याच्या जोरावर लाकडी हातोडे कापड कुटायचे. तू हेल्मशोरच्या जुन्या गिरणीतून मला व्हिडिओ पाठवला होतास बघ, त्यात धाडधाड आवाज येत होता, तेच ते हातोडे. तेव्हा मी "गार वाऱ्यात उभी राहू नकोस" एवढंच उत्तर दिलं होतं. आता तो तीनदा पाहिला. म्हणजे आठशे वर्षांपूर्वीच पायांचं काम सुटायला लागलं होतं, नाव मात्र चिकटून राहिलं. आधी ज्याचं काम त्याचं नाव, पोरगा सुतार झाला तर त्याचं वेगळं. पुढे चौदाव्या-पंधराव्या शतकापर्यंत बापाचं तेच पोराचं असं होत गेलं.

आणि आपण सणगर. धनगरांच्या मेंढ्यांची लोकर, आपल्या हातची घोंगडी. मी लग्न होऊन आले तेव्हा आजी चुलीवर चिंचोक्यांची खळ शिजवत होत्या. त्या वासानं मला मळमळलं होतं, आणि आज तोच वास आला तर मी रडेन. आजोबा खड्ड्यातल्या मागावर बसायचे, संध्याकाळी अंगणात घोंगडी पसरून कुंच्यानं खळ द्यायचे. तू चार वर्षांची होतीस. खळ दिलेल्या ओल्या घोंगडीवरून तू या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेलीस. मी मारायला धावले, तर आजोबा म्हणाले, "असू दे, हिची पावलं विकायची नाहीत." ती घोंगडी अजून माळ्यावर आहे. त्या घरातली पोरगी आज परदेशात वॉर्ड सांभाळते. हे मी बसमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी बाईलासुद्धा सांगते.

म्हणून म्हणते, घाई करू नकोस. तिथल्या कायद्यानं बायकोनं आडनाव बदलायलाच हवं असं काही नाही, ती रूढी आहे. तुझ्या पदव्या, नोंदणी, बँक, सगळं सणगर नावावर. एक कागद बदललास की दहा बदलावे लागतील. प्रत्येक कागदाची प्रत ठेव. आणि लोकांना सणगर म्हणता येत नाही हे काही कारण नव्हे, शिकतील. आम्ही नाही वर्ड्स्वर्थ म्हणायला शिकलो?

बघ, वर्गात उभी राहिल्यासारखी बोलायला लागले. माफ कर.

एक सापडलं ते मात्र सांगते. वेबस्टर म्हणजे विणकर, आणि त्यातलं शेवटचं 'स्टर' मुळात बाईसाठी लावायचे. विणणारी ती वेबस्टर, भाजणारी ती बॅक्सटर. पुढे ही नावं पुरुषांनाही लागली, घराण्यांची झाली. मला हे वाचून फार बरं वाटलं. कुठल्या तरी बाईचं काम असं तिथल्या आडनावांत राहून गेलं.

माझं काय झालं ते मी तुला कधी नीट सांगितलं नाही. तांदळाच्या ताटात अंगठीनं 'सुनीता' लिहिलं, नारळ दिला, झालं. वीस वर्षं मी मंगल होते. लग्नानंतर तीनेक वर्षांनी सांगलीच्या स्टँडवर मागून कुणीतरी "मंगल, ए मंगल" अशा हाका मारत होतं. मी वळलेच नाही. गाडीत बसल्यावर खिडकीतून पाहिलं तर शाळेतली माझी मैत्रीण होती. गाडी सुटली होती.

तू वॉकर हो, नाहीतर दोन्ही लाव, तुझं तू ठरव. फक्त तिथं कुणी सणगर म्हणून हाक मारली तर वळ गं.

मुलगा मला आवडला आहे, त्यात काही मनात आणू नकोस. तुम्हा दोघांसाठी पट्टणकोडोलीत घोंगडी सांगितली आहे, काळीच. आणि त्याच्या आईंना विचार, लग्नाआधी त्यांचं आडनाव काय होतं. पत्रिकेत त्यांच्या नावापुढे तेही छापायचं आहे. छापखान्याला मजकूर सोमवारी द्यायचा आहे, तेव्हा त्याआधी कळव.

तुझी,
आई

ता. क. लग्नाला यायची तिकिटं काढलीस ती सणगर नावाची आहेत. पासपोर्ट तोवर आहे तसाच राहू दे.