सईच्या ताब्याबद्दल

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगायला गेलो तर बाबा चिडतील, आई रडेल आणि माझं बोलणं अर्धंच राहील, म्हणून लिहितोय. सईच्या ताब्यासाठी मी भांडणार नाही. रेणूने आणि मी मिळून अटी लिहून दिल्या. न्यायाधीशांनी समुपदेशकांचा अहवाल पाहिला, सईशी चेंबरमध्ये एकटीशी बोलले आणि परवा तसा आदेश दिला. तुम्हाला आधी विचारलं नाही. विचारलं असतं, तर माझ्याच्यानं सही झाली नसती.

बाबा, तुम्ही म्हणत होतात की पाच वर्षं झाली की मूल बापाकडे येतं, कायदाच आहे. कलम मी स्वतः वाचलं. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात एवढंच आहे की पाच वर्षांच्या आतलं मूल सहसा आईकडे राहावं. त्यानंतर ते बापाचं, असं कुठेही लिहिलेलं नाही. त्याच कायद्याचं तेरावं कलम सांगतं की सगळ्यात वर मुलाचं हित. वडील पहिले पालक, हाही आधार आता तसा उरलेला नाही. वडील हयात असतानाही आई नैसर्गिक पालक असू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्येच सांगितलंय.

माझी बाजू लंगडी होती म्हणून मी मागे हटलो, असं मात्र समजू नका. वकील म्हणाले, लढू. पण लढायचं म्हणजे रेणू वाईट आई आहे हे सिद्ध करायचं, आणि ती तशी नाही. तुम्हालाही ते ठाऊक आहे. आत्याच्या वेळचं आठवा. निळा स्वेटर घातलेला अभय कोर्टाच्या पायऱ्यांवर बसला होता, आणि कुणाकडे जायचं ते तूच सांग, असं सगळे त्याला म्हणत होते. तो अजून त्याबद्दल बोलत नाही. सईला मी त्या पायरीवर बसवणार नव्हतो.

आता काय ठरलंय ते नीट वाचा. शाळेच्या दिवसांत ती रेणूकडे. एक आड एक शनिवार-रविवार आणि दर बुधवारची संध्याकाळ माझ्याकडे. सुट्ट्या निम्म्या-निम्म्या. रोज रात्री आठला व्हिडिओ कॉल. मुलाशी रोज पाच-दहा मिनिटं बोलण्याचा हक्क दूर राहणाऱ्या पालकालाही असावा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये म्हटलंय, तेच आम्ही अटींत घातलं. शाळा आणि दवाखाना यांचे निर्णय दोघांनी मिळून घ्यायचे. आणि आई, तुझ्यासाठी एक ओळ मी मुद्दाम लिहून घेतली: 'आजी-आजोबांना भेटण्यास हरकत नाही.' रेणूने त्यावर एक शब्दही काढला नाही. उलट सई तुझ्या मांडीवरच नीट झोपते, असं तीच समुपदेशकांना म्हणाली.

हे कायमचं दगडावर कोरलेलं नाही. ताब्याचा आदेश परिस्थिती बदलली की बदलून मागता येतो. सर्वोच्च न्यायालयातल्या १९७३ च्या रोझी जेकब खटल्यापासून न्यायालयं हे सांगत आलीत. मुलं ही आईबापांची मालमत्ता नाहीत, खेळणंही नाहीत, हेही त्याच निकालात आहे. ते वाक्य वाचल्यावर त्या दिवशी मी पुढे काही वाचलं नाही.

बाबा, तुमची बदली झाली होती तेव्हा मी तुमचा शर्ट उशीखाली घेऊन झोपायचो. आई धुवायला मागायची, मी द्यायचो नाही. परवा सईची पिशवी भरताना तिने माझा जुना टी-शर्ट स्वतःच आत टाकला. मी काही विचारलं नाही.

आता ऐका. रेणूच्या माहेरी फोन करायचा नाही, कुणीही. सईसमोर तिच्या आईबद्दल वाकडा शब्द नको, आणि "तुला कोण जास्त आवडतं" हे तर चुकूनही नको. बाबा, रक्तदाबाची गोळी नाश्त्यानंतर, विसरलो होतो म्हणायचं नाही. आई, गुडघ्याचा व्यायाम सोडू नकोस, सई आली की जमिनीवर बसायला लागेल. मी नीट जेवतो, झोपही लागते, माझी काळजी करू नका. तुम्हाला न विचारता केलं याचा राग माझ्यावर काढा, रेणूवर नको.

या शनिवारी दहा वाजता सई आणि मी येतोय. तिची खोली आहे तशीच ठेवा, भिंतीवरची रेघोट्यांची चित्रंसुद्धा. आणि आई, दारात रडायचं नाही. ती लगेच विचारते, काय झालं म्हणून.

तुमचा,
बाळू