इंडियानापोलिसला सर्वांत वाईट शर्यत ठरवू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘इतिहासातली सर्वोत्तम मोटार शर्यत कोणती आणि सर्वांत वाईट कोणती’ या विषयावर गेले काही रविवार आपल्या क्रीडा पानावर वाचकांची पत्रं येताहेत. मी ती सगळी वाचली. चांगल्या शर्यतींबद्दल कुणाशी भांडण नाही. कॅनडा २०११ चं नाव पुष्कळांनी घेतलं आणि ते घ्यावंच असं आहे. पावसानं चार तासांवर लांबलेल्या त्या शर्यतीत जेन्सन बटन एका टप्प्यावर अगदी शेवटच्या क्रमांकावर होता आणि अखेरच्या फेरीत सर्वांत पुढे असलेल्या फेटेलची गाडी ओल्या भागावर घसरली तेव्हा पुढे निघून जिंकला. ब्राझील २००८ चंही तसंच, विजेतेपद शेवटच्या वळणावर ठरलं. पण ‘सर्वांत वाईट’च्या रकान्यात जवळजवळ प्रत्येकानं अमेरिकन ग्रां प्री, इंडियानापोलिस, २००५ (वीसपैकी सहाच गाड्या धावल्या ती फॉर्म्युला वन शर्यत) असं लिहून टाकलंय, आणि एका वाचकानं तर तिथे चौथ्या आलेल्या भारताच्या नारायण कार्तिकेयनच्या गुणांना ‘फुकटचे’ म्हटलंय. ते वाचून गप्प बसवेना.

माझा धंदा ट्रकचे झिजलेले टायर रिमोल्ड करण्याचा, म्हणजे त्यांवर नवा थर चढवण्याचा. शिरोलीत आमचं छोटं युनिट आहे. आयुष्य टायरवर हात फिरवण्यात गेलं, त्यामुळे शर्यत पाहतानाही माझं लक्ष आधी चाकाकडे जातं. त्या दिवशी काय झालं ते टायरच्या बाजूनं सांगतो.

इंडियानापोलिसचं तेरावं वळण हे तिथल्या जुन्या ओव्हल ट्रॅकचा भाग आहे. ते तिरकं आहे, बाहेरच्या बाजूनं उचललेलं. साध्या सपाट वळणावर गाडी बाहेर फेकली जाते. अशा तिरक्या वळणावर ती जोडीला खालीही दाबली जाते. पूर्ण वेगानं उजवीकडे वळताना सगळा भार डाव्या मागच्या टायरवर येतो. उसाच्या हंगामात हवा कमी असलेल्या ट्रकवर जास्तीचा माल चढवला की टायरची साइडवॉल, म्हणजे बाजूची भिंत, जशी दुमडते आणि तापते, तसंच तिथे तीनशेच्या वेगात होत होतं. शुक्रवारच्या सरावात राल्फ शूमाखरची टोयोटा याच वळणावर टायर गेल्यामुळे भिंतीवर आदळली. हे टायर पुरवणाऱ्या मिशेलिनच्या माणसांनी ते तपासले, फ्रान्सहून दुसऱ्या प्रकारचे मागवले, तर तेही त्या वळणावर टिकतील याची खात्री देता येईना. त्यात २००५ चा नियम असा की पात्रता फेरीपासून शर्यत संपेपर्यंत एकच संच वापरायचा, मधे टायर बदलायचे नाहीत.

मग मिशेलिननं आपल्याच गिऱ्हाइकांना, सात संघांना, साऱ्या जगासमोर सांगितलं की या वळणावर वेग कमी होणार नसेल तर आमच्या टायरवर शर्यत करू नका.

हे सांगायला काय लागतं ते टायरवाल्याला विचारा. साइडवॉलला फुगा आलेलं केसिंग (जुन्या टायरचा सांगाडा) घेऊन माणूस येतो, ‘मारून द्या हो, एवढा हंगाम काढायचाय’ म्हणतो. नाही म्हटलं की तो रागावतो, दुसरीकडे जातो, आणि बऱ्याचदा पुन्हा येतच नाही. तरी नाहीच म्हणावं लागतं. मिशेलिनची चूक मोठी होती, त्या ट्रॅकला न झेपणारा टायर त्यांनी आणला. त्याबद्दल त्यांना हवं तेवढं बोला. पण चूक कळल्यावर ती झाकली नाही, आणि पुढे प्रेक्षकांच्या तिकिटांचे पैसे परत करायची तयारी दाखवली, पुढच्या वर्षीची वीस हजार तिकिटं त्या प्रेक्षकांसाठी विकत घ्यायचं ठरवलं. शर्यतीआधीची संचलन फेरी संपवून चौदा गाड्या एकामागून एक पिटमध्ये (गाड्या थांबायच्या जागेत) वळल्या. त्या चौदा जणांना पळपुटे म्हणणाऱ्यानं फुटलेल्या टायरच्या गाडीत बसलेल्या माणसाची अवस्था डोळ्यांपुढे आणावी.

आता नियामक मंडळाची बाजूही खोटी नव्हती. उरलेल्या तीन संघांना टायर पुरवणाऱ्या ब्रिजस्टोननं योग्य टायर आणले होते. दुसऱ्याच्या चुकीसाठी रातोरात ट्रॅकवर शिकेन (वेग कमी करायला लावणारं आडवळण) टाकून त्यांना का शिक्षा करायची? आणि कुणीही चाचणी न केलेला ट्रॅक सुरक्षित कशावरून? हे मला पटतं. पण मिशेलिनच्या संघांना गुण नकोत, फक्त शर्यत होऊ द्या, असाही प्रस्ताव होता. तो मानला असता तर लाखभर माणसांनी वीस गाड्या पाहिल्या असत्या आणि ब्रिजस्टोनवाल्यांचं काहीच गेलं नसतं. धोका शुक्रवारी कळला होता, दुखणं शनिवारी कळलं होतं, आणि रविवारी दुपारपर्यंत शहाण्यासुरत्या माणसांना तोडगा काढता आला नाही. दोष द्यायचा तर तिथे द्या.

आणि नारायण. आपल्याकडे ती शर्यत रात्री साडेअकराला सुरू झाली. सकाळी युनिट उघडायचं होतं, पण मी आणि माझा मुलगा जागे होतो, कारण एक कोइमतूरचा पोरगा फॉर्म्युला वनमध्ये होता आणि एवढं कारण पुरेसं होतं. सहा गाड्या उरल्या: दोन फेरारी, दोन जॉर्डन, दोन मिनार्डी. प्रेक्षक ट्रॅकवर बाटल्या फेकत होते, शिट्ट्या आणि हुर्यो चालली होती. अशा वातावरणात ७३ फेऱ्या, तीनशे किलोमीटरच्या वर, त्याच एका संचावर गाडी न धडकवता न्यायची होती. पुढे फेरारी होत्या, त्यांना गाठणं शक्य नव्हतं. मागे मिनार्डी होत्या, त्यांना पुढे जाऊ द्यायचं नव्हतं. नारायण चौथा आला. जॉर्डनच्याच मोंतेरोनं त्याला मागे टाकून तिसरा क्रमांक घेतला, याची मला तेव्हाही हळहळ वाटली. चौथ्या क्रमांकाचे पाच गुण त्याला मिळाले. फॉर्म्युला वनमध्ये गुण मिळवणारा तो पहिला भारतीय, आणि त्याच्यानंतर कुणाला ते जमलेलं नाही. ब्रिजस्टोनचे टायर होते म्हणून तो धावू शकला, हे खरं. पण शर्यतीत गाडी, इंजिन, टायर या सगळ्यासकट माणूस जिंकतो किंवा हरतो. फेरारीच्या इंजिनामुळे जिंकणाऱ्याला आपण फुकट्या म्हणत नाही.

सर्वांत वाईट शर्यत मला विचाराल तर बेल्जियम, स्पा, २९ ऑगस्ट २०२१. त्या दिवशी पाऊस थांबत नव्हता. गाड्यांच्या चाकांमागे उडणाऱ्या पाण्यानं मागच्या चालकाला काही दिसत नव्हतं, म्हणजे इथे टायरही कमी पडला नव्हता. अशा पावसात शर्यत रद्द केली असती तर मी त्यांचं कौतुक केलं असतं. त्याऐवजी लोकांना तीन तासांहून जास्त वेळ आर्डेनच्या डोंगरउतारावर भिजत ठेवलं, मग सेफ्टी कारच्या, म्हणजे वेग आवरून धरणाऱ्या पुढच्या गाडीच्या, मागे गाड्या जेमतेम तीन फेऱ्या फिरवून आणल्या, आणि एका फेरीचा निकाल धरून अर्धे गुण वाटले. व्हर्स्टापेनला साडेबारा, रसेलला नऊ, हॅमिल्टनला साडेसात. कुणी कुणाला ओलांडलं नाही. ओलांडायची परवानगीच नव्हती. शनिवारच्या पात्रता फेरीत विल्यम्ससारख्या कमकुवत गाडीतून पावसात दुसरा आलेला रसेल, त्याचं ते खरोखरीचं काम या नाटकात झाकोळलं, याचं मला जास्त वाईट वाटलं. हॅमिल्टननं उघडपणे म्हटलं की प्रेक्षकांना पैसे परत मिळायला हवेत. पुढच्या वर्षी नियम बदलला: सेफ्टी कारविना निदान दोन फेऱ्या झाल्याशिवाय गुण नाहीत. इंडियानापोलिसला सहा का होईना, गाड्या शर्यत करत होत्या. स्पाला शर्यत झालीच नाही आणि निकाल मात्र लागला.

सर्वोत्तमसाठी माझं मत ॲडलेड, २६ ऑक्टोबर १९८६. आपल्या एकाही वाचकानं तिचं नाव घेतलं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी तिचं चित्रण फार नंतर पाहिलं. हंगामाची ही शेवटची शर्यत. विश्वविजेतेपदासाठी तिघं झुंजत होते: विल्यम्स संघाचा मॅन्सेल ७० गुण, मॅक्लारेनचा प्रॉस्ट ६४, विल्यम्सचाच पिके ६३. मॅन्सेल तिसरा आला तरी विश्वविजेता. मध्यावर प्रॉस्टचा टायर पंक्चर झाला, त्याला पिटमध्ये यावं लागलं आणि तो मागे पडला. टायर पुरवणाऱ्या गुडइयरच्या तंत्रज्ञांनी त्याचे काढलेले टायर तपासले, झीज पाहिली, आणि सगळ्यांना निरोप गेला की टायर शेवटपर्यंत टिकतील, बदलायची गरज नाही.

शर्यतीत पुढे असलेला केके रोझबर्ग, त्याची ही कारकिर्दीतली शेवटची शर्यत, मागून खडखडाट ऐकून थांबला. त्याला वाटलं इंजिन गेलं. इंजिन ठणठणीत होतं. टायरचा सुटलेला थर गाडीच्या अंगावर आपटत होता. लगोलग मॅन्सेलचा डावा मागचा टायर सरळ रस्त्यावर, तीनशेच्या आसपास वेगात, फुटला. ठिणग्या उडवत, लडखडत चाललेली ती गाडी त्यानं कशी सावरली ते पाहताना आजही माझ्या हाताला घाम सुटतो. विश्वविजेतेपद त्या एका टायरबरोबर गेलं.

आता पिके पुढे होता. त्याला तसंच पळू दिलं असतं तर कदाचित तोच विश्वविजेता झाला असता. पण विल्यम्सनं डोळ्यांदेखत एक टायर फुटलेला पाहिला होता. त्यांनी त्याला आत बोलावलं आणि टायर बदलले. जगज्जेतेपद हातात आलेलं असताना हा निर्णय घ्यायला छाती लागते, आणि माझ्या मते तो शंभर टक्के बरोबर होता. प्रॉस्ट पुढे निघाला. पंक्चरमुळे त्याचे टायर इतरांपेक्षा नवे होते. दुर्दैव वाटलं होतं तेच कामाला आलं. पण त्याचा इंधनाचा काटा सांगत होता की टाकी पुरणार नाही. मागून पिके नव्या टायरवर दर फेरीला अंतर कापत होता. चार सेकंदांच्या फरकानं प्रॉस्ट जिंकला, रेषा ओलांडताच गाडी थांबवली आणि बाहेर उडी मारली. एकाच दुपारी टायरचा चुकलेला अंदाज, चालकाचं कसब, संघाचा शहाणपणा आणि नशीब, सगळं ट्रॅकवर लोकांच्या समोर घडलं.

एक विनंती. काही वाचकांनी ‘सर्वांत वाईट’मध्ये ल मान्स १९५५ लिहिलं आहे. त्या शर्यतीत लेव्हेग या चालकाची मर्सिडीज प्रेक्षकांत घुसली आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली. त्यानंतर स्वित्झर्लंडनं कित्येक दशकं ट्रॅकवरच्या शर्यतींवर बंदी घातली. तसंच इमोला १९९४, जिथे शनिवारी रात्झेनबर्गर आणि रविवारी आयर्टन सेना हे चालक अपघातात गेले. रटाळ किंवा फसवी शर्यत आणि माणसं मेलेली शर्यत एका रकान्यात मांडून त्यांची मतं मोजू नयेत. अंतिम निकाल छापताना ही नावं स्पर्धेतून काढावीत आणि त्यांच्यावर हवा तर स्वतंत्र लेख द्यावा. त्या अपघातांनंतर ट्रॅक, भिंती आणि गाड्या कशा बदलल्या, हे आमच्या कोल्हापुरात गो-कार्टिंग करणाऱ्या पोरांनी वाचायला हवं.

आपला,
एक जुना वाचक
शिरोली पुलाची, ता. हातकणंगले, जि. कोल्हापूर