परदेशी जा, पण दिवस मोजून जा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कमी कराच्या, स्वस्त देशात राहून लॅपटॉपवर पोट भरणाऱ्या तरुणांवरचा रविवारच्या पुरवणीतला लेख वाचला. लेख छान, फोटो त्याहून छान. पण सोमवारी साडेदहाच्या आत तीन पोरं ते पान घेऊन माझ्या ऑफिसात हजर. मी लातुरात 31 वर्षं रिटर्न भरतो. डाळमिलवाले, आडते, कोचिंगचे मास्तर ही माझी जुनी गिऱ्हाइकं. हल्ली गावात बसून अमेरिकेतल्या कंपन्यांचं काम करणारी ही पोरं त्यात आलीत. तिघांचा प्रश्न एकच, "काका, जॉर्जिया देशात एक टक्काच टॅक्स आहे म्हणं, खरं का?"

खरं आहे. छोट्या व्यावसायिकाचा दर्जा मिळाला तर वर्षाला 5 लाख लारीच्या (लारी हे तिथलं चलन) उलाढालीपर्यंत तिथं 1 टक्का. पण सल्लागारीसारखी काही कामं त्यात बसत नाहीत, आणि दर्जा नसला की सरळ 20 टक्के. शिवाय तिथं किती कर लागतो हे नंतर बघायचं. आधी बघायचं ते इथून आपण सुटलो का, आणि त्यावर लेखात चकार शब्द नाही.

माझ्या सख्ख्या पुतण्याचंच सांगतो. औसा तालुक्यातला, भावाची सात एकर, पोरगं सॉफ्टवेअरवालं. 2024 च्या जुलैत थायलंडनं डीटीव्ही नावाचा व्हिसा काढला: मुदत 5 वर्षं, एका खेपेला 180 दिवस, खात्यात 5 लाख बाट दाखवायचे. म्हणजे आपले बारा लाखांच्या वर. त्याची बचत, भावाच्या सोयाबीनचे पैसे आणि माझी एक एफडी असं मिळून ते 'दाखवले'. दसऱ्याला सोनं देऊन तो रात्रीच्या गाडीनं हैदराबादला गेला, तिथून चियांग माईला. महिन्याभरानं फोन आला, "काका, आता मी एनआरआय. यंदा रिटर्न नाही."

मी त्याला बोटांवर मोजून दाखवलं. सरकारी वर्ष 1 एप्रिलला सुरू होतं. सप्टेंबर अखेरपर्यंत 183 दिवस होतात. भारतात 182 दिवस भरले की त्या अख्ख्या वर्षाचे तुम्ही रहिवासी, आणि रहिवाशाची जगभरातली कमाई इथं करपात्र. म्हणजे दसऱ्याला तो विमानात बसला तेव्हा त्या वर्षाचा निकाल केव्हाच लागला होता! पुढं तिकडंही तेच. थायलंडमध्ये वर्षात 180 दिवस राहिलं की तिथले कर-रहिवासी, आणि 2024 पासून बाहेरची कमाई तिथं आणली की त्यावर कर.

आता ज्याच्यापासून पळायचं तो इथला कर होता तरी किती? त्याची वर्षाची जमा 22 लाख. अशा व्यावसायिकाला ढोबळ पद्धतीनं निम्मी जमा उत्पन्न धरता येते, म्हणजे 11 लाख. 2024-25 ला नव्या करप्रणालीत सेससकट 67,600 रुपये झाले. ते मी भरले, अजून त्यानं दिले नाहीत ते सोडा. 2025-26 पासून 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सूट आली. तीच जमा, तोच हिशेब, कर शून्य. मात्र ढोबळ पद्धत आणि ही सूट, दोन्ही फक्त रहिवाशाला. औशात बसून काम केलं असतं तर जीएसटीची नोंदणी आणि निर्यातीचं एलयूटी म्हणजे हमीपत्र, एवढीच काय ती कटकट. वर्षाला 80 लाख कमावणाऱ्याचं गणित वेगळं, हे मान्य. पण माझ्याकडं आलेल्या तिघांपैकी एकही वीस लाखांच्या वर नव्हता.

आणखी एक गोष्ट मराठवाड्यातल्या पोरांनी तरी ऐकून ठेवावी. अनिवासी झाल्यावर शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसानं येते, पण खरेदीखत नाही. भावाच्या बांधाला लागून दोन एकर विकायला निघाली होती. पुतण्या म्हणाला, माझ्या नावानं घ्या. मला नाही म्हणावं लागलं. शेवटी बापाच्या नावावर करायचं ठरलं, तोवर ती दुसऱ्यानं घेतली. भाऊ ते अजून बोलून दाखवतो, मलाच.

एवढं सगळं ऐकवल्यावर पुतण्या जे म्हणाला, त्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. "काका, टॅक्स जाऊ द्या हो. इथं आल्यापासून एकदाबी लाईट गेली नाही. मीटिंग चालू असताना बोअरची मोटर चालू करायला उठावं लागत नाही." पुण्यात दोन खोल्यांचं भाडं आणि हिंजवडीचा रस्ता त्याला परवडेना, गावात लाईट टिकेना. कर हे निमित्त. तिकडं सगळं सोन्याचं आहे असंही नाही. फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत चियांग माईच्या आसपासची रानं आणि शेतं जळतात, समोरचा दोई सुथेप डोंगर धुरात दिसेनासा होतो, पोरगं खिडक्या लावून मास्क घालून बसतं. तरी तो परत यायचं नाव काढत नाही. 2016 साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणून प्यायलेल्या गावची आम्ही माणसं, सोसायची सवय आम्हाला आहे. त्याला ती लावून घ्यायची नाही, आणि यात त्याचं काय चुकलं ते मला सांगता येत नाही.

तेव्हा विनंती एवढीच, पुढच्या वेळी असा लेख छापाल तेव्हा 182 दिवसांची चौकट शेजारी छापा. आणि एखादा वार्ताहर औसा, निलंगा, उदगीरकडं पाठवून, घरून काम करणारी पोरं दिवसातून किती वेळा इन्व्हर्टरकडं बघतात तेही लिहा.

पुतण्या येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला येतोय. "काका, येऊलालोय," म्हणाला. आंबील, भज्जी, कडब्याची कोप सगळं पाहिजे त्याला. पंधरा दिवस राहून इथूनच काम करीन म्हणतो. मग बापाला विचारलं, लाईटची डीपी जळालेली, ती बसली का?

भावानं सांगितलं, अर्ज दिलाय.

आपला,
एक करसल्लागार, लातूर